मे महिन्यात स्वेटर घालणाऱ्या ताई

भर मे महिन्यात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना, पूर्ण बाह्यांचा लोकरी स्वेटर घालून अमरावतीच्या ऑटोत बसणारी बाई या पृथ्वीवर एकच झाली, आणि ती माझी मोठी नणंद. ऑटोवाला आधी वळून बघायचा, मग आरशात बघायचा, आणि मग न सांगता वेग वाढवायचा. ताई प्राणिशास्त्राच्या प्राध्यापक. त्यांच्या प्रयोगशाळेत एक थंडगार खोली होती, खोलीत पांढरे उंदीर होते, आणि तिथून बाहेर पडताना स्वेटर काढायचं भान ताईंना कधीच राहिलं नाही. हात बर्फासारखे. बारशाला त्यांनी गालाला हात लावला की बाळ रडायचं थांबून डोळे विस्फारायचं. पंगतीत वरणभातावर तूप पडलं की त्या हळूच विचारायच्या, "आता हे तूप कुठं कुठं जाते, मालूम आहे का?" सगळ्या पंगतीचे हात ताटातच थांबायचे.

एकदा मी अकोल्याहून आमरसाचा डबा घेऊन थेट त्या खोलीत गेले. बाहेर होरपळत होतं, आत दात वाजत होते. दोन पिंजरे शेजारी शेजारी, दोन्हींतले उंदीर अगदी सारखे.

"हे चांगले आहेत," ताई म्हणाल्या, "अन् या दुसऱ्यांतून एक जनुक काढला आहे. रक्तातली चरबी पेशीत गेली की तिले धरून भट्टीपर्यंत नेणारं एक प्रथिन असते. हमालच समज. त्याचा जनुक."

"मग त्यांना काय होतं?"

"काहीच नाही. खातेत, खेळतेत, पिल्लं देतेत. पण थंडी पडली, नाही तर पळायचं काम पडलं, की हृदयाले, स्नायूले चरबी लागते. समोर ढीग पडला असते, पण आणून देणारं कोणी नसते."

बोलता बोलता त्या थांबल्या. दुसऱ्या पिंजऱ्यातला एक उंदीर इतरांसारखाच कुडकुडत होता; मला तरी तसंच दिसलं. ताईंनी त्याला उचलून स्वेटरच्या आत धरलं. काही क्षणांनी माझा हात तिथे नेला. तो उंदीर कुडकुडायचा थांबला होता आणि दगडासारखा गार लागत होता. पुढे दिव्याखाली ऊब मिळाल्यावर तो चालू लागला. पण ताईंना आधीच कसं कळलं, हे मी त्या खोलीत विचारू शकले नाही.

हळूहळू ताई माणसांकडेही तसंच बघू लागल्या. धामणगावच्या एका लग्नात त्या नवरीच्या काकांकडे एकटक बघत राहिल्या. काका नाचत होते. "त्याइले बसवा कोणी," एवढंच म्हणाल्या. सगळे हसले. काका मांडवातच कोसळले आणि पुन्हा उठले नाहीत. त्यानंतर ताई आल्या की बायका पदर सावरून खांबाआड सरकायच्या. आमच्या चुलत जावेनं तर सांगूनच टाकलं, "जेवाले बोलवा, पण माह्या समोर नका बसवू."

मग आमची पाळी आली. अकोल्याच्या घरी माझा नवरा कूलर माडीवर चढवत होता. अर्ध्या जिन्यात तो बसला. ताई खाली खुर्चीवर होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि त्या उठल्या.

"गाडी काढ," त्या मला म्हणाल्या.

"ॲसिडिटी आहे व ताई," नवरा म्हणाला. "काहून घाबरवून राहिली?"

"तू बसला कसा, ते पाह्यलं मी. उठू नको. दोघं धरून नेऊ."

दवाखान्यात रक्त तपासलं. हृदयाला इजा झाली की त्यातलं एक प्रथिन लवकरच रक्तात उतरतं, ते सापडलं, असं डॉक्टर म्हणाले. ताईंनी त्याचं नाव विचारलं आणि बाकावर बसल्या. "माह्या उंदरांतून काढला, तोच हमाल आहे हा," इतकंच बोलल्या. नवरा वाचला.

त्यानंतर उलटंच झालं. लांबची लांबची माणसं पेढे घेऊन यायची आणि ताईंसमोर उभी राहायची: "पाहा बरं मले." त्यांची कॉलेजपासूनची मैत्रीणही आली, धारणीच्या शाळेतली बाई, थट्टा करतच. ताईंनी तिला नीट न्याहाळलं. "घोड्यासारखी आहेस," म्हणाल्या. दोघी खूप हसल्या, चहा प्यायल्या. त्याच आठवड्यात शाळेच्या जिन्यावर कोसळून ती मैत्रीण गेली.

"मले काहीच नाही दिसलं व," ताई मला फोनवर म्हणाल्या. "दोन्ही पिंजरे सारखेच दिसतेत."

आता त्या निवृत्त होऊन आमच्याकडेच असतात. कित्येक महिने त्या भिंतीकडे तोंड करून जेवायच्या आणि बोलायच्या ते खिडकीशी. भाऊ जिना चढू लागला की डोळे मिटून घ्यायच्या. परवा दुपारी मी शेंगा सोलत होते. न राहवून त्यांची खुर्ची माझ्याकडे वळवली.

"बघा माझ्याकडे."

"नको."

"दिसेल ते दिसेल. बघा."

त्यांनी मान वर केली. किती वेळ बघत राहिल्या कोण जाणे. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

"केस पिकले व तुये," ताई म्हणाल्या. "कधी पिकले?"