आणि शून्य असेल तर?

नायगावची बीडीडी चाळ पाडायला काढली होती, तरी शेजाऱ्यांना नव्या घराच्या चावीइतकीच आकांक्षाच्या पीएचडीची घाई. पोरगी दादरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. पदवी मिळाली की कायम होणार, हे अख्ख्या मजल्याला तोंडपाठ होतं.

ती शिकवायची कॉम्प्युटरवर बीजगणित सोडवणारी भाषा. तयार फंक्शन्स त्या भाषेतच भरलेली. नाव टाइप करा, उत्तर हजर. पण पहिल्याच तासाला ती बजावायची, की 'सॉल्व्ह'वर डोळे झाकून विश्वास टाकू नका. ax = b दिलं की ते 'b भागिले a' सांगून मोकळं होतं. a शून्य असेल तर? त्यासाठी 'रिड्यूस' लागतं. ते एकेक शक्यता तपासतं. ही शंका तिच्यात मुरवली होती तिच्या गाइडनी, माहीमच्या बाप्टिस्ट सरांनी. "आणि शून्य असेल तर?" हे त्यांचं पालुपद.

व्हायवाच्या आदल्या दिवशी स्लाइड्स करताना तिला दिसलं, मुख्य प्रमेयातच तिने 'सॉल्व्ह' वापरलं होतं. 'रिड्यूस' चालवलं. शून्याला प्रमेय कोसळत होतं.

ती तडक माहीमला गेली. डायलिसिसने खंगलेल्या सरांनी लॅपटॉप जवळ ओढून प्रमेय वाचलं.

"कोणी पकडलं?"

"नाही सर. मलाच दिसलं."

"मग जाऊ दे."

"सर, वर्षभर थांबते. दुरुस्त करून देते."

"मी आहे का वर्षभर? अगं, दुसऱ्या गाइडकडे पहिल्यापासून सुरू करशील? गप बस. उद्या कोणी विचारणार नाही."

तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच भयंकर लाज वाटली.

खरंच कोणी विचारलं नाही. आईने चाळभर पेढे वाटले. थोड्याच दिवसांत सर गेले. दफनानंतर त्यांच्या पत्नी जसिंता तिचा हात धरून म्हणाल्या, "तुझा थीसिस उशाशी होता गं त्यांच्या. म्हणायचे, हिच्या नजरेतून काही सुटत नाही."

जूनमध्ये ती कायम झाली. पहिल्या तासाला तिने 'सॉल्व्ह' चालवलं. पडद्यावर 'b भागिले a' आलं. ती थांबली. कोणीतरी विचारावं म्हणून वाट बघत राहिली. वर्ग खाली मान घालून उतरवून घेत होता.

"झालं लिहून?" तिने विचारलं, आणि पुढचं फंक्शन घेतलं.