मिस्त्रींचा पाला

सकाळी चहाचं आधण ठेवायला मावशी ओट्याशी गेल्या, तर नळाखालच्या टोपातून एक बिनशंखाची गोगलगाय सावकाश वर चढून काठावर येऊन बसली होती. ओल्या मातीच्या रंगाची, बोटभर लांब. मागे स्टीलवर चिकट, चकाकता पट्टा. टोपात त्यांच्या नवऱ्याने, मिस्त्रींनी, आदल्या दिवशी आणलेला पाला भिजत होता.

मावशींनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. चहाची इच्छाच मेली.

"अहो," आतल्या खोलीकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "तुमचं पाहुणं निघालं बघा चालायला."

मिस्त्री आले. त्यांनी गोगलगाय दोन बोटांनी उचलली, खिडकीबाहेर सोडली आणि त्याच बोटांनी डब्यातलं बिस्किट काढून खाल्लं.

"हे चांगलं लक्षण आहे," ते म्हणाले. "किडा ज्याला तोंड लावतो तो पाला विषारी नसतो."

 मावशींनी डबा उचलला आणि त्यातली सगळी बिस्किटं कचऱ्यात ओतली.

सगळी वस्ती त्यांना मावशी म्हणायची, कारण हॉस्पिटलात त्यांना सगळे मावशी म्हणायचे. तरुणपणी त्या तिथल्या धुलाईघरात कामाला लागल्या, त्या केस पांढरे होईपर्यंत. वॉर्डांतून चादरींची गाठोडी ढकलगाडीवर यायची, ती सोडायची, रक्ताच्या चादरी वेगळ्या काढून आधी गार पाण्यात टाकायच्या. गरम पाण्यात घातल्या की डाग जन्माचा बसतो. मग सोडा, मग वाफेचं पिंप. गाठोड्यांतून काय काय निघायचं: पुवाने कडक झालेल्या पट्ट्या, सुया, एकदा कुणाची कवळी. लोकांना वाटायचं, इतकं बघितल्यावर या बाईला कशाची किळस राहिली असेल? होतं उलटच. तिथे दिवसभर गिळलेली किळस त्या घरी घेऊन यायच्या आणि घरी मोकळी सोडायच्या. दारातूनच न्हाणीघरात, कोपरापर्यंत हात घासायचे, मग बाकीचं जग. पायपुसणं उकळून घ्यायच्या. कुणी जेवताना दात कोरला तर त्या ताट घेऊन उठायच्या.

मिस्त्री बस डेपोत मेकॅनिक. त्यांच्या नखांतलं ग्रीस कधी निघालं नाही, पण मावशींना ते चालायचं. ग्रीस काळं असतं, पण कुणाच्या अंगातून आलेलं नसतं, असा त्यांचा हिशेब होता. मूलबाळ नाही, दोघांचा संसार बोलण्यापेक्षा ठरलेल्या कामांवर चाललेला. मिस्त्री निवृत्त झाले तेव्हा घरातले नळ, पंखे, बिजागऱ्या, सगळं दुरुस्त करून झालं, आणि मग ते नुसते खिडकीशी बसू लागले. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून सकाळी चालायला लागले. एके दिवशी बागेतला माळी त्यांना म्हणाला, "काका, तुमच्या बुटाखाली आहे ना, ती ब्राह्मी. बुद्धीचं औषध. दुकानात बाटलीतून विकतात."

तेवढंच निमित्त झालं. मिस्त्रींच्या डोक्यात पाला शिरला तो शिरलाच.

आधी घोळ आणि चाकवत आले, मग आंबुशी, मग केसांसाठी माका. बाल्कनीत दोऱ्यांवर जुड्या लटकू लागल्या, त्यांतून बारीक अळ्या चहाच्या कपात पडू लागल्या. न्हाणीघरात बरण्यांमध्ये मुळं कुजत घातलेली असत. मिस्त्री त्याला मुरवणं म्हणत. झाकण उघडलं की बंद गटाराचा भपकारा यायचा. एकदा त्यांनी रानटी अळू आणला आणि मावशी शेजारी गेल्या असताना स्वतः शिजवला. मावशींनी दोन घास खाल्ले आणि त्यांच्या घशात जणू कुणी काचेचा चुरा कोंबला. रात्रभर दोघं लिंबू चोखत समोरासमोर बसले.

"चिरताना हाताला खाजलं नाही, म्हणून मला वाटलं हा खाजरा नाही," मिस्त्री म्हणाले.

"तुमचे हात बसच्या टायरचे आहेत," मावशी घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

पण वस्तीत मिस्त्रींचा भाव वाढत होता. त्यांची बहीण, म्हणजे मावशींची नणंद, गुडघ्यांना लावायला लेप घेऊन गेली आणि फोनवर सगळ्यांना सांगत सुटली, "दादाच्या हाताला गुण आहे." समोरच्या दाराच्या शिंपीणबाईंची सून पोटुशी होती, बाळ हुशार व्हावं म्हणून तिच्यासाठी रोज पेलाभर ब्राह्मीचा काढा जाऊ लागला. कुणी केस गळतात म्हणून यायचं, कुणी झोप येत नाही म्हणून. जन्मभर बसच्या पोटाखाली आडवा पडलेला माणूस आता खुर्चीत बसून लोकांच्या जिभा बघायचा. मावशींना दिसत होतं की नवरा उजळला आहे. त्याचाही त्यांना वीट यायचा. समोर कुणी जीभ बाहेर काढली की त्या आत जाऊन बसायच्या.

"कुठून आणता हे सगळं?" त्यांनी कितीदा विचारलं.

"आहे एक जागा," मिस्त्री म्हणायचे. "सांगितली की उद्या तिथे जत्रा लागेल."

मग एका सकाळी मिस्त्री चष्मा विसरून गेले. मावशींनी तो टेबलावर पाहिला. चष्म्याशिवाय या माणसाला कोथिंबीर आणि गाजरगवत सारखंच. काहीतरी भलतंच उपटून आणतील आणि ते समोरच्या पोरीच्या पोटात जाईल. त्या चष्मा घेऊन तशाच निघाल्या.

मिस्त्री रस्त्याच्या टोकाला दिसत होते. ते बागेकडे वळले नाहीत. बाजार ओलांडला, हॉस्पिटलच्या भिंतीच्या कडेने चालत राहिले आणि भिंत संपते तिथे खाली उतरले. मावशींनी त्या भिंतीच्या आत आयुष्य काढलं होतं, पण बाहेरच्या या बाजूला त्या कधी आल्याच नव्हत्या. यायचं कारणच काय?

खाली नाला होता. भिंतीतून एक रुंद पाइप बाहेर आला होता आणि त्याखाली हिरवंगार माजलं होतं. ब्राह्मीची दाट गादी, माका गुडघाभर, अळूची पानं सुपाएवढी. मिस्त्री त्यात उकिडवे बसून हाताने चाचपत तोडत होते.

मावशी काठावर थांबल्या. वास आधी आला. क्लोरीन, कोमट सोडा, आणि त्याखाली तो दुसरा वास, जो क्लोरीनने कधीच जात नाही. मग त्यांना ब्राह्मीच्या देठांना गुंडाळलेला करडा पुंजका दिसला. एक नाही, प्रत्येक देठाला. शेवाळ नव्हतं ते. चादरी धुताना सुटणारे सुताचे तंतू होते. पिंपाच्या जाळीवरून त्या रोज ओंजळीने काढायच्या, आणि जाळीतून निसटायचे ते इथे येत होते.

"आलीस होय?" मिस्त्री हसून म्हणाले. त्यांना वाटलं, बायको जागा बघायला आली. "बघ, किती रसरशीत आहे. बागेत असा पाला मिळत नाही."

"अहो, हात काढा त्यातून."

"का?"

"हे पाणी कुठलं आहे माहीत आहे तुम्हाला?"

"हॉस्पिटलचं असेल. वाहतं आहे की. वाहतं पाणी शुद्धच असतं."

"ते माझं पाणी आहे," मावशी म्हणाल्या. "माझ्या धुलाईघराचं. बाळंतिणींच्या चादरी, ऑपरेशनची कापडं, सडलेल्या पायाच्या पट्ट्या. पहिल्या गार पाण्यात जे सुटतं ना, ते सगळं या पाइपातून खाली येतं. म्हणून माजलाय तुमचा पाला. खत मिळतंय त्याला."

मिस्त्रींनी हातातल्या जुडीकडे पाहिलं. "पण माती गाळून घेते की सगळं," ते हळू आवाजात म्हणाले. "झाड काय घाण शोषतं का?"

 आदल्या आठवड्यात खाल्लेली याच पाल्याची भाजी मावशींना आठवली, तिच्यावर आपण लिंबू पिळलं होतं तेही आठवलं, आणि भिंतीला हात टेकून त्या ओकल्या. पोटात काही उरलं नाही तरी ओकत राहिल्या. मिस्त्री त्यांची पाठ चोळायला पुढे आले.

"हात लावू नका मला," त्या म्हणाल्या. "त्या हातांनी तर नाहीच."

घरी जाऊन त्यांनी बरण्या संडासात रित्या केल्या, जुड्या पोत्यात कोंबल्या, टोप भंगारात काढले. मिस्त्री दारात उभे राहून बघत होते. मग मावशी समोरचं दार वाजवायला निघाल्या तेव्हा ते आडवे आले.

"तिथे नको जाऊस. मी सांगतो, पाला संपला म्हणून. माझी काय अब्रू राहील?"

"तिच्या पोटात मूल आहे," मावशी म्हणाल्या. "आणि काय प्यायली ते डॉक्टरला कळायला नको?"

शिंपीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्यांचा चेहरा बदलत गेला. मावशींना वाटलं, त्या मिस्त्रींना शिव्या देतील. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"तुम्ही तर तिथेच होतात ना कामाला? मग तुम्हाला ठाऊक नव्हतं, पाणी कुठे जातं?"

"नव्हतं," मावशी म्हणाल्या. "आत जाळी होती. जाळीपाशी माझं काम संपायचं."

 मावशी उठून दाराबाहेर पडल्या आणि त्यांनी मागे वळून पाहिलं, तर त्या ज्या खुर्चीवर बसल्या होत्या ती शिंपीणबाई ओल्या फडक्याने पुसत होत्या. हात आखडून, नाक वर करून. मावशींना ती हालचाल ओळखीची होती, त्यांचीच होती. फक्त आजवर ती कुणी त्यांच्यावर केली नव्हती.

त्यांनी बाकीची दारंही वाजवली. नणंदेला फोन केला, तर ती म्हणाली, "माझे गुडघे तर बरे झाले, तू कशाला विषय वाढवतेस?" डॉक्टरांनी सुनेला तपासलं, सगळं ठीक निघालं, पुढे मुलगी झाली, गुटगुटीत. पण शिंपीणबाईंनी ती दाखवायला आणली नाही, आणि जिन्यात मावशी समोरून आल्या की त्या भिंतीकडच्या बाजूला सरकायच्या. मावशींना राग कमी आणि शिसारी जास्त आली. शिंपीणबाईंची का स्वतःची, हे त्यांनी उकलून पाहिलं नाही.

मिस्त्री पुन्हा खिडकीशी बसू लागले. जेवायचे, टीव्ही लावायचे, तोंड उघडं टाकून त्याच्यासमोरच झोपायचे. हनुवटीवर लाळेचा ओघळ यायचा. मावशी समोरून जाता-येता तो ओघळ बघायच्या. गोगलगायीसुद्धा याहून बऱ्या होत्या, निदान चालायच्या तरी.

एक दिवस त्यांनी टीव्ही बंद केला. "उठा. चपला घाला."

"कुठे जायचं?"

"तुमचा पाला बघायला. जागा मी ठरवणार."

बसने दोघं गावाबाहेरच्या टेकडीवर गेले. पहिल्या उतारावर मिस्त्रींना घोळ दिसली आणि ते वाकले. मावशी पाणी कुठून येतं ते बघत वर चढल्या आणि तिथून म्हणाल्या, "सोडा ती. इथे शेळ्या बसतात." पुढच्या जागी कुणीतरी बाटल्या फोडल्या होत्या. त्याच्या पुढे झुडपाआड माणसं बसून गेल्याच्या खुणा होत्या; मावशी तिथून नाक दाबून परतल्या. मिस्त्री मुकाट मागून येत होते. शेवटी अगदी माथ्यावर, जिथे वरून कशाचंच पाणी येत नव्हतं, कातळाच्या भेगांत आंबुशी आणि थोडी घोळ होती. बारीक, लालसर, नाल्याकाठच्या माजलेल्या पाल्यापुढे अगदीच कुपोषित.

"इथली घ्या," मावशी म्हणाल्या. "हात आधी धुवा." त्यांनी बाटली पुढे केली.

घरी त्यांनी तो पाला मिठाच्या पाण्यातून काढला, मग साध्या पाण्यातून, पुन्हा मिठाच्या. एकेक पान उजेडाकडे धरून उलटसुलट पाहिलं. शिजवून मूठभरच झाला. मिस्त्रींच्या पानात वाढला आणि स्वतःला बटाटा घेतला.

मिस्त्री चावून चावून खात होते. तो आवाज ऐकून, ओठांच्या कोपऱ्यात आलेला हिरवा रस बघून मावशींनी आपलं ताट लांब ओढलं.

"घे ना जरासं," मिस्त्री म्हणाले. "आता तर तुझ्याच हातचं, तूच धुतलेलं."

"मला नको."

"अजून घाण वाटते?"

"वाटते. आणि ताट तुमचं तुम्ही घासा."

मिस्त्री उठले, त्यांनी ताट घासून रॅकमध्ये लावलं आणि हात पुसत बाहेर गेले. मावशींनी ते ताट खाली घेतलं आणि पुन्हा घासलं.