नेलपॉलिश लावलेले तीन सेल

टॉर्च हातात आला की काकी तो पेटवून बघत नसत. मागचं झाकण फिरवून सेल तळहातावर पाडायच्या, एकेक नाकाजवळ नेऊन हुंगायच्या आणि मग विचारायच्या, "किती वेळ हवा?"

समोरचा म्हणायचा, "काकी, उजेड झकास लांब पडला पाहिजे."

"ते नाही विचारलं. किती वेळ?"

तुमच्याही इमारतीत असं एखादं दार असेल, जिथे लोक काहीतरी बिघडलेलं हातात घेऊन उभे असतात. कांजूरमार्गला आमच्या मजल्यावर ते काकींचं दार होतं. अंधेरीच्या एका कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं सोल्डरिंग केलं होतं. कारखाना बंद झाला, पण हात काही थांबले नाहीत. सून घरी केक करायची. एकाच टेबलावर एका टोकाला क्रीम, दुसऱ्या टोकाला सोल्डरिंग गन. सून कुरकुरली की काकी म्हणायच्या, "केकात एलईडी पडला तर बरंच की गं, मेणबत्ती वाचली."

मी हिंगोलीकडचा. आठवीतून शाळा सोडली आणि पुढे इकडे आलो. सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या आतून घासून धुवायचं काम मिळालं. जमिनीखालच्या टाकीत भर दुपारीही काळोख असतो. आत वायर सोडून बल्ब लावायला आमच्या मालकाची मनाई, ओल्यात करंट लागेल म्हणून. त्यामुळे डोक्याच्या पट्ट्यात अडकवलेला लहान टॉर्च हाच काय तो आधार. तो दहा मिनिटांत पिवळा पडायचा आणि माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची. कुणाला बोललो नाही. घाबरणाऱ्याला काम कोण देणार?

काकींनी माझा टॉर्च उघडला. आत नऊ बारीक एलईडी होते.

"किती वेळ?"

"तास-दीड तास. पण एकदम मोठा उजेड करा ना काकी, गाडीसारखा."

"एवढ्याशा डब्यात गाडी घालू? कपाळाला चटका बसेल आणि अर्ध्या तासात काळोख. मग बस आत भजन करत."

त्यांनी नऊ काढून एकच रुंद एलईडी बसवला, अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर, गरमी निघून जावी म्हणून. जास्त करंट ओढू नये म्हणून मध्ये एक रेझिस्टन्स घातला. साधे सेल काढून चार्जिंगचे आणायला लावले. साधे सेल या एलईडीला पुरे पडत नाहीत, लवकर मान टाकतात, असं त्यांचं म्हणणं. मग सुनेची गुलाबी नेलपॉलिश घेऊन तिन्ही सेलांवर ठिपके दिले.

"या तिघी बहिणी. चार्जिंगला एकत्र, टॉर्चमध्ये एकत्र. एकीला काढून दुसरीकडे घातलंस तर बाकीच्या दोघी तुला दगा देतील. कळलं? जेवलास का?"

जेवलास का, हे मला या शहरात आधी कुणी विचारलं नव्हतं. पोळी-भाजी खाताना डोळे भरून आले, म्हणून ठसका लागल्याचं नाटक केलं.

दोन महिने टॉर्च मस्त चालला. पुढे एके दिवशी कामावर निघताना पाहिलं, तर तीनपैकी एका सेलावर ठिपका नव्हता. खोलीतल्या जोडीदाराने मॅच बघायला आमचा सेल रिमोटमध्ये घातला होता आणि रिमोटमधला जुना टॉर्चमध्ये. मी बटण दाबलं. उजेड छान पडला. चाललंय ना, म्हणून तसाच निघालो.

मुलुंडच्या टाकीत मधोमध भिंत होती आणि तिला खाली माणूस वाकून जाईल एवढी फट. मी भिंतीपलीकडे होतो तेव्हा उजेड एकदम बसला. हात भिंतीवर फिरवत राहिलो, फट सापडेना. ओरडलो तर माझाच आवाज चारी बाजूंनी अंगावर आला. माझ्या कमरेला बांधलेली दोरी वर धरून बसलेल्या माणसाने हळूहळू ओढत मला फटीपर्यंत आणलं. बाहेर आलो तेव्हा दात वाजत होते.

घरी जाऊन मी काय केलं असेल? रिमोटमधला सेल काढून टॉर्चमध्ये परत घातला आणि काकींना म्हणालो, "टॉर्च आतमध्ये बंद पडला."

त्यांचा चेहरा उतरला.

चार दिवस त्या तो टॉर्च सोडवत होत्या, जोडत होत्या. टॉर्च मात्र त्यांच्यासमोर बंद पडतच नव्हता. पडणार कसा? सून जिन्यात भेटली. म्हणाली, "अरे, आईंनी वॉचमनचा टॉर्च न उघडताच परत पाठवला. म्हणतात, माझा हात गेला आता. दिसत नाही तिथे सोल्डरिंगचा डाग सुटतो, उद्या कुणाचा जीव जायचा."

खरं सांगितलं तर हे दार बंद होणार. नाही सांगितलं तर त्यांचा हात मीच घालवला. तीनदा दारापर्यंत गेलो आणि परतलो. चौथ्या वेळी दार त्यांनीच उघडलं.

"काकी, सेल बदलला होता. मला माहीत होतं. घरी आल्यावर मीच पुन्हा गुलाबीवाला घातला."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावल्या की त्या मालवणीत जायच्या.

"मेल्या, चार दिस माका झोप नाय. आणि तू माका आज सांगतंस?"

"तुम्ही परत दारात उभं केलं नसतं म्हणून."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग सुनेला हाक मारली, "वॉचमनचा टॉर्च घेऊन ये गं खालून." आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आत काय झालं ते नीट सांग."

मी सगळं सांगितलं. टाकीची भीती वाटते, पहिल्या दिवसापासून वाटते, हेसुद्धा.

पुढच्या आठवड्यात घाटकोपरच्या एका सोसायटीत काम होतं. सकाळी दहाला रिक्षातून काकी उतरल्या. गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणारी बाई. तिथल्या वॉचमनची खुर्ची मागून टाकीच्या तोंडाशी बसल्या. दोरी धरणारा माझा कामावरचा जोडीदार हसला, "काकी, सुपरव्हायजर झालात काय?"

"तू दोरी बघ," त्या म्हणाल्या.

काकींना जाऊन आता वर्ष होईल. टॉर्च आणि सेल मी सांभाळून वापरतो, चार्जिंग चुकवत नाही. काळजी करायची खोड आहेच. पण त्यांची आठवण आली की मला घाटकोपरची ती टाकी दिसते. काकी वर बसून बांगडा किती बारीक यायला लागलाय, सुनेचा केक कसा मधोमध बसला, असं काहीबाही आत ओरडून सांगत होत्या आणि मी खाली घासत होतो. मला बघायला त्या वाकल्या की ते चौकोनी तोंड पूर्ण झाकलं जायचं आणि वरून येणारा तेवढा उजेडही बंद व्हायचा. बाजूला व्हा, असं मी त्यांना एकदाही म्हणालो नाही.