लाल दोऱ्याचं निळं बटन

ॲसिडिटीने कोणी मरत नाही.

माझी वहिनी मेली.

आज सोळा वर्षं झाली. अजूनही सेलूला गेलं की कोणीतरी चहा पिता पिता म्हणतं, "गॅस छातीत चढला न बिचारीच्या." गॅस नव्हता. हार्ट अटॅक होता. आणि ती चार दिवस सगळ्यांना सांगत होती.

मलाही.

सुनंदावहिनी, माझ्या मोठ्या भावाची बायको. माहेर पुलगावचं, शिक्षण बारावी. सेलूत आमचं मॅचिंग सेंटर होतं. ब्लाउजपीस, फॉल, अस्तर, बटन. काउंटरवर दादा, पण रंग जुळवायला वहिनीच लागायची. साडी हातात न घेता, नुसती बघून ती बरोबर पीस काढायची.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बँकेच्या परीक्षेसाठी एसटीने वर्ध्याला क्लासला जायचे. गणित ठीक, इंग्रजी चालून जायचं. रीझनिंगमध्ये भोपळा.

ती कोडी तुम्हाला माहीत असतील. पाच बायका एका ओळीत बसल्यात, पाच रंगांच्या साड्या, लाल साडीवाली टोकाला नाही, हिरवी पिवळीच्या शेजारी नाही, तर मधोमध कोण?

क्लासचे सर तक्ता करायला लावायचे. उभ्या रेघा, आडव्या रेघा, जमलं तिथे टिक, नाही तिथे फुली. माझ्या तक्त्यात शेवटी दोन बायका एकाच खुर्चीवर बसायच्या.

एका दुपारी दुकानात मी रडकुंडीला आले होते. वहिनीने माझी वही ओढली, कोडं वाचलं आणि बटनांचा डबा गादीवर उपडा केला.

"पाच रंगांची बटनं घे. कोण कुठं बसते ते नको पाहू. कोण कुठं बसूच शकत नाई, ते आधी बाहेर काढ. मी ब्लाउजपीस असाच तं काढते."

बटनं सरकवत ती अर्ध्यापर्यंत आली आणि अडली. पुढे काहीच ठरत नव्हतं. मग तिने निळं बटन उचललं, त्यात लाल दोरा ओवला आणि ते दुसऱ्या जागेवर ठेवलं.

"हे काय?" मी विचारलं.

"निळी दुसरी हाय, असं आपण धरून चाललो. खरं हाय का नाई, मालूम नाई. पुढं गाडी अडली तं चूक ह्याच बटनाची. वापस इथंच येजो."

"मग दोरा काऊन?"

"माणूस विसरते न. आपणच धरलं होतं हे विसरते, आन् मंग त्यालेच खरं समजून चालते."

गाडी अडली. ती परत आली, निळं बटन चौथ्या जागी ठेवलं आणि दोन मिनिटांत कोडं सुटलं. सरांच्या पद्धतीने मला वीस मिनिटं लागायची, तीही चुकायला.

काउंटरवरून दादा म्हणाला, "खेळ झाला असन तं गिऱ्हाईक पाहा जरा."

खेळ.

वर्षभर आम्ही तो खेळ खेळलो. मी बँकेत लागले. क्लासच्या पाम्प्लेटवर माझा फोटो आला, खाली सरांचे आभार. बटनांवर शिकले, हे सांगायची मला लाज वाटली. वहिनीचं नाव मी कुठेच घेतलं नाही.

तिने ते पाम्प्लेट दुकानात काचेखाली लावलं होतं.

आणि मग, बऱ्याच वर्षांनी, मे महिन्यातले ते चार दिवस. लग्नसराई.

छाती जड. डावा खांदा दुखतोय. बसल्या जागी घाम. डॉक्टर म्हणाले ॲसिडिटी, तळलेलं खाऊ नका. दादा म्हणाला ॲसिडिटी. आई म्हणाली उपास फार करते, ॲसिडिटीच असणार. ती दुसऱ्यांदा दवाखान्यात गेली तर डॉक्टर हसले आणि गोळी बदलून दिली.

तिसऱ्या दिवशी तिने मला नागपूरला फोन केला. मी ब्रँचमध्ये होते, समोर लाइन.

"मंजू, तीन दिवस झाले गोळी घेऊन राह्यली. ॲसिडिटी असती तं उतरली असती न? उतरली नाई. म्हणजे हे ॲसिडिटी नाई. तुझ्या दादाले सांग, मले वर्ध्याले ने म्हणा. माझं नाई ऐकत."

वाचलंत? तिने कोडं सोडवलं होतं. तसली छाती घेऊन, एकटीने.

आणि मी, रीझनिंगमध्ये क्लासात पहिली आलेली मी, म्हणाले, "वहिनी, तू फार विचार करते. थंड दूध पी."

ती "बरं," म्हणाली.

दादाला मी फोन केला नाही.

सेलूहून वर्धा अर्ध्या तासावर. ईसीजीला दहा मिनिटं. दादाचं म्हणणं, सराई आटपली की नेतो.

चौथ्या दिवशी दुपारी, एका बाईला मोरपंखी अस्तर दाखवता दाखवता, वहिनी गादीवर आडवी झाली. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती तिने.

दादा, तू हे वाचशील. वाच. मला तुझा राग आहे, अजूनही आहे. त्या हसणाऱ्या डॉक्टरचा आहे. पण तुम्हाला निदान ती पद्धत माहीत नव्हती.

मला होती. माझ्यासमोर बसून, बटनं मांडून तिने शिकवली होती. गाडी अडली की जिथे धरलं होतं तिथे परत यायचं. आम्ही सगळ्यांनी मिळून ॲसिडिटी धरली, आणि परत यायला एकही जण तयार नव्हता.

ते निळं बटन माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, दोऱ्यासकट. रोज दिसतं.

खाली हात जोडलेले इमोजी टाकू नका, प्लीज. घरातली बाई आज काही दुखतंय म्हणत असेल तर फोन ठेवा आणि तिचं ऐका.

वहिनी, तुला श्रद्धांजली वाहायला मी कोण? फक्त एवढं सांगायचं होतं, जे त्या दिवशी फोनवर सांगायला हवं होतं.

तुझं उत्तर बरोबर होतं.