बाबा सगळ्यांच्या मागून चालायचे

मंडळी, आज सकाळी आम्ही कापूस घेऊन अमरावतीच्या बाजाराला निघालो. धाकटा भाऊ गाडी हाकत होता. माय आणि मी पायी होतो. सध्या भाव चढा आहे, पण उद्या काय होईल सांगता येत नाही, म्हणून मला घाई होती. माय मात्र सारखी थांबून मागं पाहत होती.

"कावून थांबून राहिली माय?"

"काही नाही. मांगं कोनी नाही ना, म्हून."

मागच्या वर्षीपर्यंत मागं बाबा असायचे. ते अचलपूरच्या पलटणीत हवालदार होते. नोकरी सुटल्यावरही रस्त्यानं आम्हा सगळ्यांना पुढं घालून शेवटी चालत. लोक चिडवायचे, "हवालदार, बायकोच्या मांगं चालता, आता तिची चाकरी धरली का?"

"हे चाकरी पक्की हाय बापा, पेन्शन बी भेटत नाही," असं म्हणून बाबा हसायचे. मग मला सांगायचे, "पुढच्याले रस्ता दिसते. मांगं राह्यलं त्याले कोन पाहीन?"

आज मी मायच्या मागं जाऊन चालू लागलो.

"तू कावून मांगं आला? बाजारात पोचाचं हाय ना?"

"पोचू ना माय. चाल तू."

त्यानंतर ती एकदाही थांबली नाही. मागून मला भाऊ, माय, गाडी, सगळं एकदम दिसत होतं. बाबांना रोज हेच दिसत असेल.

मायचं लक्ष नाही असं पाहून मीही एकदा मागं वळलो. असं वळून पाहणं कधी थांबतं का हो?