अकिलीसची डावी टाच

आमचा अकिलीस चालताना डावी टाच जमिनीला टेकवायचा नाही. लहानपणी काटा रुतून आत पिकला होता, तेव्हापासूनची ती खोड. आमच्या गंजाड गावात खऱ्या नावाने त्याला फक्त त्याची आई हाक मारी. अकिलीस हे नाव गुरुजींच्या गोष्टीतलं. ग्रीस देशातल्या एका वीराला आईने टाच धरून जादूच्या नदीत बुडवलं, सगळं अंग पोलादाचं झालं, धरलेली टाच तेवढी कोरडी राहिली. पुढे लढाईत बाण नेमका तिथेच लागला. गोष्ट संपताच आम्ही पोरं ओरडलो, "गुरुजी, हा तर आमच्या पाड्यावरचाच!"

कारण कबड्डीत तो तसाच होता. तिघं कमरेला लोंबकळली तरी त्यांना ओढत मधली रेघ गाठायचा. वर हसून म्हणायचा, "आईने तेल चोळताना कंजुशी केली नाही ना!" आणि टाचेचं काय? "तिथवर येईपर्यंत वाटी संपली."

चिकूच्या वाडीत तो फळं उतरवायचा. संध्याकाळी दोन पिकलेले चिकू माझ्या हातावर ठेवी. "बाय, माझी गोष्ट सांग." मी चौथीत शाळा सोडलेली, पण गोष्टी तोंडपाठ. त्याने तर शाळेची पायरीही चढली नव्हती.

"रोज तीच काय रे, दादा?"

"मी मरतो तिथपर्यंतच सांग. पुढचं नको."

एका वर्षी तलासरीला सामने ठरले. तारापूरच्या एका कारखान्याचा माणूस खेळाडू निवडायला येणार होता. त्याच्या नजरेत भरला तर अकिलीसला पक्की नोकरी! सामन्यांच्या आदल्या आठवड्यात मी उधव्याला आत्याकडे गेले होते. उधव्याच्या संघातून खेळणारा आतेभाऊ चिडवायला लागला, "तुमचा तो पोलादी पुरुष आमच्यापुढे मिनिटभर टिकायचा नाही." मला आला राग. मी त्याला अख्खी गोष्ट ऐकवली. टाचेसकट.

सामन्यात त्याने अकिलीसच्या कमरेकडे पाहिलंसुद्धा नाही. सूर मारून डावी टाच धरली. अकिलीस आडवा झाला, पाय मुरगळला, उरलेला सामना रेघेबाहेर बसून राहिला. नोकरी लागली माझ्या आतेभावाला.

अकिलीस जन्मभर वाडीतच राबला. मी लग्न होऊन चिंचणीला आले, तरी दर हंगामात कुणाच्या तरी हाती पिशवीभर चिकू यायचेच. माझ्या घशाखाली उतरत नसत हो ते.

गेल्या वर्षी तो आजारी आहे कळलं, म्हणून गेले. ओटीवर पाय लांब करून बसला होता. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं.

"माहीत आहे की," तो म्हणाला. "तुझ्या भावाने मैदानातच सांगितलं, माझा पाय चोळताना."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू गोष्टी सांगायच्या बंद केल्या असत्यास." टाच चोळत म्हणाला, "सांग आता. आज पुढचंही सांग."

मी सांगितलं. त्या वीराची आई समुद्रातली देवी, ती पाण्यातून वर आली. त्याच्यासाठी सगळं सैन्य रडलं.

"सगळं? उधव्याचंसुद्धा?"

"उधव्याचंसुद्धा."

महिनाभराने तो गेला. आतेभाऊ पहिल्या एसटीने आला, खांदा द्यायला पुढे झाला. आणि सगळ्यांत मोठ्याने तोच रडला.