शिकायला येते, असं मी सांगितलं

सरांनी माझ्या हातातलं ताट काढून घेतलं. हिसकावलं नाही. लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घेतात, तसं. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये राजमा-भात वाढून झाला होता. माझ्या मागे रांग होती.

"हे जेवण एम्प्लॉईजसाठी असतं," सर मराठीत म्हणाले. "तू स्टुडंट आहेस. आमच्या टॅक्सच्या पैशावर शिकता, स्कॉलरशिपा घेता. आता ताटही आमचंच पाहिजे तुम्हा लोकांना?"

सर आमचे मॅनेजर, पुण्याचे. गुडगावच्या त्या काचेच्या इमारतीत मराठी कळणारे आम्ही दोघंच. रांगेतल्या कुणालाही शब्द कळले नाहीत. पण हात सगळ्यांनी पाहिला. दिल्लीत आल्यापासून घरच्या भाषेसाठी कान आसुसले होते. ऐकायला हे मिळालं.

मी वळले. जागेवर जाऊन बसले.

मी परभणीकडची. आई जिनिंगमध्ये कापूस निवडायची. मी स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीला आले, एम.ए.ला नाव घातलं, हिंदूराव हॉस्पिटलच्या मागे चौघींत एक खोली घेतली. स्कॉलरशिप कधी यायची, कधी नाही. म्हणून गुडगावला कामाला लागले. जायला दोन तास, यायला दोन तास. परदेशातल्या विमा कंपनीचे हाताने भरलेले फॉर्म यायचे, ते आम्ही कॉम्प्युटरवर चढवायचो. नऊ ते सहा. मान वर केली की सुपरवायझर विचारायचा, क्या हुआ.

आम्ही अठरा मुलं-मुली होतो. सगळ्यांचं कुठल्या ना कुठल्या कॉलेजात नाव होतं. मुद्दाम तसेच घेतले होते. आम्हाला पगार नव्हता, स्टायपेंड होता. शेजारी नवीन टॉवर उठत होता, तिथे ठेकेदाराच्या शेडवर किमान वेतनाचा फलक लावलेला. विटा वाहणाऱ्या बाईचा रोज माझ्यापेक्षा जास्त होता. तिला तरी तो पुरा मिळत होता का, देव जाणे. पण फलकावर ती होती. मी कुठल्याच फलकावर नव्हते. किमान वेतन कामगाराला असतं आणि आम्ही शिकायला येत होतो.

टॅक्स मात्र दर महिन्याला कापायचे. टॅक्स कापल्याच्या कागदावर मी विद्यार्थिनी नव्हते. तिथे लिहिलेलं असायचं, व्यावसायिक सेवा.

ताट गेलं त्या दुपारी राजबाला माझ्याजवळ आली. टॉवरच्या मागच्या गावातली, एकोणीस वर्षांची, बाहेरून बी.ए. करणारी. आमचं पार्किंग होतं तिथे तिच्या काकांचं बाजरीचं शेत होतं, असं ती हसत सांगायची. तिने डब्यातली अर्धी रोटी माझ्यापुढे ठेवली.

"खा ले दीदी. मशीन भी बिना तेल के ना चालै."

मी खाल्ली. तिने आपलं सांगितलं. बापाने शब्द दिला होता, नोकरी टिकली तर बी.ए. होईपर्यंत लग्नाचं काढणार नाही.

पंधरा दिवसांनी कामगार खात्याचा इन्स्पेक्टर आला. कुणीतरी तक्रार केली होती. सरांनी आम्हाला आधीच बोलावून घेतलं. "विचारलं तर सांगायचं, ट्रेनिंगला येतो. नाहीतर प्रोजेक्ट बंद. मग जा आपापल्या गावी." मग माझ्याकडे बघून मराठीत, "तू हुशार आहेस. तू नीट सांगशील."

हुशार. दिल्लीत पहिल्यांदा मला कुणी हुशार म्हणालं होतं. सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं.

इन्स्पेक्टरने पहिल्यांदा राजबालाला विचारलं. ती उभी राहिली. "काम करूं सूं जी. नौ से छह. सिखाता कोई कोनी."

काम करते, शिकवत कुणी नाही, हे तिने सरळ सांगून टाकलं. इन्स्पेक्टर माझ्याकडे वळला. "आप?"

"हम स्टूडेंट हैं सर," मी म्हणाले. "सीखने आते हैं."

माझ्यामागून बाकीच्यांनी तेच सांगितलं. एकामागून एक. त्याने लिहून घेतलं आणि चहा पिऊन गेला.

संध्याकाळी जिन्यात राजबाला भेटली. रडत नव्हती. ओळखपत्र काढून घेतलं होतं, गळ्यात नुसती दोरी राहिली होती.

"दीदी," ती म्हणाली, "तू तो पढ़ी-लिखी थी."

एवढंच बोलून खाली उतरली.

त्यानंतर कुणी काहीही विचारलं की मी दचकायचे. कंडक्टरने कुठे जायचं विचारलं, ग्रंथपालाने नाव विचारलं, की वाटायचं ती मागे उभी आहे, मी काय सांगते ते ऐकतेय. तिची खुर्ची दोन दिवसांत भरली. नवी मुलगी बसली, पण मला त्या खुर्चीत पाठमोरी तीच दिसायची. अभ्यासाला बसले की पान पुढे सरकायचं नाही. राज्यघटनेचं पुस्तक उघडं असायचं. शोषणाविरुद्धचा हक्क मला पाठ होता.

मार्चमध्ये सरांनी सगळ्यांना एकेक कागद दिला. आम्ही स्वखुशीने प्रशिक्षण घेत आहोत, असं त्यावर होतं. सोबत वर्षभर कापलेल्या टॅक्सचं सर्टिफिकेट. सर मजेत होते. "बघ, आता तूही टॅक्सपेयर झालीस. जरा अभिमान बाळग."

मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. म्हटलं, "सर, मी विद्यार्थी आहे की व्यावसायिक?"

"दोन्ही. कायद्यात तसं चालतं. रिफंडचा फॉर्म भर, पैसे परत मिळतील."

"परत नकोत. टॅक्स माझी आई तिच्या जन्मापासून भरतेय. साबणावर, काडेपेटीवर, चपलेवर. जिनिंगमध्ये बाईमाणूस म्हणून अर्धी मजुरी घेऊन भरतेय. मी तुमच्या पैशावर शिकले नाही. मी इथे काम करते. माझ्या कामाचं पुरं द्या, त्यावरचा टॅक्स मीच भरीन."

सरांचा आवाज खाली आला. "सही कर. करिअरचा विचार कर."

मी सही केली नाही. बॅग घेतली. 

तिथून थेट राजबालाच्या गावी गेले. तिची आई दारात म्हशीला पेंड घालत होती. म्हणाली, ब्याह दी, रेवाड़ी की तरफ. पत्ता दिला नाही. पाणी दिलं. ते मला पिववलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामगार कार्यालयात जाऊन लिहून दिलं, की त्या दिवशी मी खोटं बोलले. माझ्यानंतर आणखी पाच जणांनी लिहून दिलं. प्रकरण काही वर्षं चाललं. परीक्षेचे माझे प्रयत्न तारखांमध्येच संपले, मी अधिकारी झाले नाही. आम्हा सहा जणांना स्टायपेंड आणि किमान वेतन यांतला फरक मिळाला. राजबालाला नाही. कंपनीने दाखवलेल्या रजिस्टरमध्ये तिचं नावच नव्हतं. अशी कुणी मुलगी आमच्याकडे नव्हती, असं त्यांनी लेखी दिलं.

मागच्या महिन्यात मी रेवाडीकडे जाऊन तिला शोधून काढलं. ती मला घरात ये म्हणाली नाही. तिच्या फरकासाठी मी लिहून नेलेल्या अर्जावर सही मात्र केली, इंग्रजीत, पूर्ण नाव.

पहिली तारीख लागली आहे. ती येणार नाही, तिला येऊ देणार नाहीत. मी जाणार आहे. विचारतील, तुमचा हिच्याशी काय संबंध? सांगेन, हिची नोकरी मी घालवली, हे पहिल्या ओळीत लिहून घ्या. मग बाकीचं विचारा.